हिमालयातील उंच तळ्यांवर ट्राऊट गरवताना

काश्मीर हिमालयात साधारण 3,500 ते 3,800 मीटर उंचीवर पसरलेल्या विशनसर, किशनसर, गडसर, नुंदकोल आणि गंगाबल या तळ्यांकडे महाराष्ट्रातून अनेक गिरिभ्रमणकार मोठ्या उत्साहाने जातात. परंतु त्या पाण्यात ब्राऊन ट्राऊट हा मासा आहे आणि रीतसर परवाना घेऊन तो गळाने पकडता येतो, याची कल्पना त्यांपैकी थोड्यांनाच असते. ज्यांना ती असते त्यांच्यापैकी बहुतेकजण कोकणातल्या खाडीत गरी टाकण्याचा किंवा देशावरच्या धरणांवर गळ लावून बसण्याचा अनुभव घेऊन तेथे पोहोचतात आणि निराश होतात, कारण एका जागी आमिष सोडून माशाची वाट पाहण्याची रीत या पाण्यात फारशी उपयोगी पडत नाही. उंच पर्वतातील तळे उमगले तर साध्या साधनांनीही मासा मिळतो आणि ते न उमगल्यास सर्वांत महागडी काठीही रिकामी राहते. म्हणून प्रस्तुत लेखात साधनांपेक्षा तळे वाचण्याच्या कौशल्याला अधिक जागा दिली आहे.

ट्राऊट हा भारताचा मूळ मासा नाही. काश्मीरमध्ये तो आणण्याचा पहिला प्रयत्न 1899 मध्ये झाला. बेडफर्डच्या ड्यूकने भेट म्हणून पाठवलेली फलित अंडी प्रवासातच नष्ट झाली आणि स्कॉटलंडहून निघालेली दुसरी खेप 1900 च्या अखेरीस काश्मीरला पोहोचली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी त्या अंड्यांतून पिल्ले वाढवली, पुढे हारवन येथे मत्स्यबीज केंद्र उभे राहिले आणि तेथून ब्राऊन ट्राऊट खोऱ्याखोऱ्यांत सोडला गेला. उत्तर अमेरिकेतला रेनबो ट्राऊट त्यानंतर काही वर्षांनी आला. तो आज मुख्यत्वे मत्स्यशेतीत आणि काही ओढ्यांत आढळतो, तर उंच तळ्यांमध्ये टिकून राहिलेला मासा हा प्रामुख्याने ब्राऊन ट्राऊटच आहे. हिमाचलातील कुलू खोऱ्यात आणि उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात सुमारे 3,000 मीटरवर असलेल्या दोडीतालमध्येही विसाव्या शतकाच्या आरंभी याच रीतीने तो नेऊन सोडला गेला.

गळाला लागलेला मासा कोणता आहे हे ओळखता येणे आवश्यक असते. ब्राऊन ट्राऊटच्या पिवळसर तपकिरी अंगावर काळे आणि लाल ठिपके असून त्यांच्याभोवती बहुधा फिकट कडे दिसते. रेनबोच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो आणि त्याच्या शेपटीवरही काळे ठिपके असतात. दोघांच्याही पाठीवर, मुख्य पर आणि शेपूट यांच्या मध्ये, काटे नसलेला एक छोटा मांसल पर असतो, ती ट्राऊटच्या कुळाची खूण होय. हिमालयातील ज्या देशी माशाला इंग्रजांनी 'स्नो ट्राऊट' असे नाव दिले, तो शायझोथोरॅक्स वंशाचा मासा प्रत्यक्षात रोहू-कटल्याच्या कुळातला आहे, त्याला हा मांसल पर नसतो आणि अनेक जातींत त्याचे तोंड तळावरील शेवाळ खरवडण्यासाठी खालच्या बाजूला वळलेले असते. परक्या ट्राऊटच्या प्रसारानंतर अनेक पाण्यांत हा देशी मासा मागे रेटला गेला आहे, तेव्हा तो चुकून लागल्यास तत्काळ सोडून देणे हेच योग्य.

उंच तळ्यातील माशाचे जीवन थंडी आणि प्राणवायू या दोन गोष्टींनी बांधलेले असते. तळ्यावरचा बर्फ बहुधा जूनपर्यंत पुरता हटत नाही आणि ऑक्टोबरनंतर थंडी पुन्हा वाढते, म्हणजे माशाला भरपूर खायला मिळण्याचा काळ वर्षातून जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो. त्यामुळे येथील मासा अतिशय सावकाश वाढतो आणि वीत-दीड वीत लांबीचा, खालच्या नदीतल्या माशाच्या तुलनेत किरकोळ वाटणारा ट्राऊट वयाने बऱ्याच वर्षांचा असू शकतो. दुसरी गोष्ट पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 3,600 मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ दोन तृतीयांशावर येत असल्याने तितक्याच थंड पाण्यात तो 7 मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. ट्राऊटला एवढा प्राणवायू पुरतो, परंतु हाताशी राखीव असे फारसे उरत नाही. गळाला लागून दमलेला मासा येथे सावरायला जास्त वेळ घेतो, आणि मासा हाताळण्याविषयी पुढे जे नियम सांगितले आहेत त्यांचे मूळ बरेचसे याच आकड्यांत आहे.

तळ्याचे वाचन किनाऱ्यावर पोहोचण्याआधी, वरच्या खिंडीतून ते प्रथम दिसते तेव्हाच सुरू करावे. यांपैकी पुष्कळ तळी हिमनदीने कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यात, म्हणजे भूगोलाच्या परिभाषेत हिमगव्हरात, साचलेली आहेत, किंवा हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या बांधामागे, म्हणजे हिमोढामागे, अडलेली आहेत. त्यामुळे ज्या बाजूला उभा कडा किंवा दगडांचा घसारा थेट पाण्यात उतरतो तेथे पाणी काठापासूनच खोल असते, आणि ज्या बाजूने ओढा बाहेर पडतो किंवा गवताळ कुरण पाण्याला भिडते तेथे उथळ पाण्याचा पट्टा असतो. उंचावरून पाहताना हा पट्टा फिकट हिरवा किंवा मातकट दिसतो आणि तो संपतो तेथे रंग एकदम गडद निळा होतो. ही रंग बदलण्याची रेषा म्हणजे पाण्याखालचा उतार तुटण्याची कड होय. उथळ पट्ट्यावर ऊन तळापर्यंत पोहोचत असल्याने शेवाळ, कीटकांच्या अळ्या आणि गोगलगाई तेथे वाढतात. निळ्या पाण्यात माशाला लपायला जागा असते परंतु अन्न कमी असते. ट्राऊट या दोन प्रदेशांच्या सीमेवरून फिरतो, म्हणून ती रेषा वरूनच मनात टिपून ठेवावी किंवा तिचे छायाचित्र घ्यावे, कारण काठावर उभे राहिल्यावर पाण्याच्या चकाकीत ती दिसेनाशी होते.

ओढ्यातला ट्राऊट दगडामागे आपली जागा धरून राहतो आणि प्रवाह त्याच्यापर्यंत अन्न आणतो. तळ्यात अन्न वाहून आणणारा प्रवाह नसल्याने माशालाच अन्नाकडे जावे लागते. तो काठालगत, बहुधा ठरावीक मार्गाने, फेऱ्या मारतो. या एका फरकामुळे गरवण्याची सारी रीत बदलते. मासा दिसला की त्याच्यावर गळ फेकण्याचा मोह आवरावा, तो कोणत्या दिशेने जात आहे ते पाहावे आणि त्याच्या वाटेत, त्याच्या दोन-तीन मीटर पुढे, आमिष आधीच पोहोचलेले असेल अशा बेताने ते टाकावे. मासा निघून गेला तरी जागा सोडण्याची घाई करू नये, कारण फेरी पूर्ण करून तो किंवा दुसरा एखादा त्याच वाटेने परत येण्याची शक्यता मोठी असते. उलट अर्धा-पाऊण तास गेला आणि कोणतीही हालचाल दिसली नाही, तर मात्र तेथे बसून राहण्यात अर्थ नसतो. मासा येत नसेल तर माणसाने जावे.

प्रवाह मुळीच नसतो असेही नाही. वितळत्या बर्फाचे पाणी घेऊन जो ओढा तळ्यात उतरतो त्याच्या मुखाशी थोडा प्रवाह, भरपूर प्राणवायू आणि वाहून आलेले कीटक या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. तेथे गढूळ आणि स्वच्छ पाण्याची जी वेडीवाकडी शिवण दिसते तिच्या स्वच्छ बाजूला आमिष सोडावे. ओढा तळ्यातून बाहेर पडतो ते तोंडही तितकेच महत्त्वाचे असते, कारण पृष्ठभागावर पडलेले सारे कीटक हळूहळू तेथे जमतात आणि संध्याकाळी मासे त्या अरुंद जागी येऊन थांबतात. नवख्या माणसाला तळ्यावर एकच जागा निवडायची असेल तर त्याने हे बाहेर पडण्याचे तोंड निवडावे.

वाऱ्याचा विचार बहुतेक गरवणारे उलटा करतात. दोर फेकणे सोपे जाते म्हणून ते वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे ज्या काठावरून वारा पाण्यावर येतो तेथे, उभे राहतात, आणि मासे मात्र समोरच्या काठाला असतात. दिवसा उतार तापले की दरीतली हवा वर चढू लागते आणि आपल्याबरोबर खालच्या कुरणांतल्या मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे व माश्या घेऊन येते. थंड पाण्यावर हे कीटक पडतात आणि वाऱ्याने ढकलले जाऊन दूरच्या काठाला लागतात. झाडांची रेषा ओलांडलेल्या, स्वतःचे अन्न फारसे नसलेल्या तळ्यात वाऱ्यावर आलेले हे खाणे माशाच्या आहाराचा मोठा भाग ठरू शकते. शिवाय वाऱ्याने उठलेल्या लाटांमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि माशाला काठावरचा माणूस स्पष्ट दिसत नाही. म्हणून दुपारी वारा सुटला की तोंडावर वारा घेऊन, आखूड फेक करून गरवावे. फेक लांब जात नाही याची खंत करण्याचे कारण नाही, मासा त्या वेळी काठापासून चार-पाच मीटरवरच असतो.

हंगामाविषयी बोलायचे तर बर्फ हटल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वोत्तम असतात, कारण भुकेलेले मासे तेव्हा उथळ, किंचित उबदार पाण्यात येतात. परंतु त्या वेळी खिंडींवर बर्फ असतो आणि वाट धोक्याची असते. सर्वसाधारण प्रवाशासाठी जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य हाच व्यवहार्य काळ ठरतो. काश्मीरच्या खोऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर मर्यादित असल्याने महाराष्ट्रात धो धो पाऊस पडत असताना तेथे चालणे शक्य होते, हा योग मराठी प्रवाशाच्या सोयीचा आहे. दिवसाच्या वेळांत सकाळी ऊन पाण्यावर येऊन तासभर झाल्यानंतरचा काळ, दुपारच्या वाऱ्याचा काळ आणि सूर्य डोंगराआड गेल्यापासून अंधार पडेपर्यंतचा काळ उपयुक्त असतो. भल्या पहाटे उठण्याचा सपाट प्रदेशातला नियम येथे विशेष कामाचा नाही, कारण रात्रभर थंडावलेल्या तळ्यावर ऊन पडेपर्यंत कीटकही हलत नाहीत.

पाण्याखालून माशाला बाहेरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. पाण्यात शिरताना प्रकाश वाकत असल्यामुळे वरचे सारे आकाश सुमारे 97 अंशांच्या शंकूत सामावते आणि क्षितिजालगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला दाबल्यासारख्या, अस्पष्ट दिसतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की उभा माणूस माशाला दुरूनच दिसतो आणि वाकलेला किंवा गुडघ्यावर बसलेला माणूस जवळ जाऊनही बहुधा दिसत नाही. या तळ्यांचे पाणी काचेसारखे स्वच्छ असल्याने ही काळजी दुप्पट घ्यावी लागते: भडक रंगाचे जाकीट काढून ठेवावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, पाय आपटत चालू नये, कारण दगडांतून पाण्यात जाणारा कंप माशाला जाणवतो, आणि पहिली फेक नेहमी काठालगतच्या पाण्यात करावी. सरळ पाण्यात उतरून लांब फेक करणारा माणूस बहुतेक वेळा माशांच्याच जागेवर उभा असतो.

साधनांची निवड पाठीवर वाहून नेण्याच्या ओझ्यावर अवलंबून असते. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसे व धागे गळावर बांधून तयार केलेले कीटकासारखे वजनहीन आमिष जाड दोराच्या वजनावर फेकण्याची पद्धत, या पाण्याला सर्वांत अनुरूप आहे. त्यासाठी साडेआठ ते नऊ फूट लांबीची, चार तुकड्यांत सुटणारी, पाच क्रमांकाच्या दोराची काठी पुरेशी होते. दोर तरंगणारा असावा, त्याच्या टोकाला नऊ ते बारा फुटांचा निमुळता पारदर्शक धागा, ज्याला लीडर म्हणतात, आणि त्याच्या शेवटी सुमारे 0.15 मिलिमीटर जाडीचा टिपेट, म्हणजे प्रत्यक्ष गळ बांधण्याचा बारीक धागा, जोडावा. गळाच्या क्रमांकाचा आकडा वाढतो तसा गळ लहान होतो हे लक्षात ठेवून 12 ते 18 क्रमांकांच्या मोजक्या फ्लाय न्याव्यात. वाऱ्याने येणाऱ्या कीटकांसाठी काळी मुंगी आणि ॲडम्स. संध्याकाळी पाण्यावर फडफडणाऱ्या कॅडिस कीटकासाठी एल्क हेअर कॅडिस. पाण्याखालच्या अळ्यांसाठी फेझंट टेल. चिलटासारख्या कायरोनोमिड कीटकाच्या कोषासाठी काळी किंवा लाल बारीक फ्लाय. आणि खोल कडेवरून हळूहळू ओढण्यासाठी काळी किंवा गडद हिरवी वूली बगर. एवढ्या पाच प्रकारांत उंच तळ्याचे बहुतेक काम भागते, आणि डबे भरभरून फ्लाय नेणे ही हौस असली तरी गरज नाही.

ज्यांना फ्लायची काठी चालवता येत नाही त्यांनी सहा-सात फुटांची हलकी स्पिनिंग काठी, चार ते सहा पौंडांचा धागा आणि दोन ते पाच ग्रॅम वजनाचे, फिरत्या पात्याचे स्पिनर वापरावेत, अर्थात परवान्यात तशी मुभा असेल तरच. स्पिनर पाण्यात पडल्याबरोबर ओढू लागणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. तो कडेच्या पलीकडे टाकून मनात आकडे मोजत बुडू द्यावा, एका फेकीत पाच मोजावेत, पुढच्या फेकीत आठ, मग बारा, आणि ज्या आकड्याला मासा लागेल ती खोली धरून ठेवावी. याच काठीने फ्लायही टाकता येते. पारदर्शक प्लॅस्टिकचा, आत पाणी भरता येणारा छोटा तरंगता गोळा धाग्यावर अडकवून त्याच्या मागे दीड-दोन मीटर टिपेट व एक फ्लाय बांधली, की गोळ्याच्या वजनाने ती दूर जाते आणि गोळा हळूहळू ओढत आणला की फ्लाय पृष्ठभागाखालून माशाला दिसत राहते. नवख्यांसाठी या तळ्यांवर याहून खात्रीची युक्ती नाही, आणि तिला कमी प्रतीचे मानण्याचे काहीच कारण नाही.

आता मासा लागल्यानंतरचे. प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून आधीच सपाट करून ठेवावा आणि स्पिनरचा तीन टोकांचा गळ काढून एकेरी गळ लावावा. मासा लागला की त्याला दीर्घकाळ झुंजवत ठेवण्यात काही जण आनंद मानतात. परंतु प्राणवायूचे जे प्रमाण वर सांगितले आहे ते पाहता, या उंचीवर लांबलेली झुंज म्हणजे पाहताना पोहत गेलेला आणि नंतर खोल पाण्यात मेलेला मासा ठरण्याची शक्यता असते. म्हणून टिपेट तुटणार नाही इतपत जोर लावून मासा लवकर जवळ आणावा, हात आधी पाण्यात भिजवावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो, आणि मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवावा. छायाचित्र घ्यायचेच असेल तर कॅमेरा तयार ठेवून मासा काही सेकंदच वर उचलावा. गळ घशात खोल गेला असल्यास तो ओढू नये, धागा गळाजवळ कापून मासा सोडावा. सोडताना त्याला पोटाखालून हलका आधार देऊन सरळ धरावे आणि तो स्वतःच्या बळाने निघेपर्यंत हात काढू नये.

सगळेच मासे सोडावेत असा हट्ट येथे नाही. परवान्यात ठरवून दिलेल्या संख्येच्या मर्यादेत एक-दोन मासे खाण्यासाठी ठेवणे रास्त आहे, परंतु ती मर्यादा हे गाठायचे उद्दिष्ट समजू नये. लहानशा तळ्यात एका गटाने दोन दिवस मर्यादेपर्यंत मासे काढले, तर सावकाश वाढणाऱ्या त्या समूहाची भर पडायला अनेक वर्षे जातात. ठेवायचा मासा डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच मारावा, काठावर तडफडत टाकू नये, आणि ताबडतोब साफ करावा. त्याची आतडी तळ्यात फेकू नयेत, कारण इतक्या थंड पाण्यात ती कुजायला फार वेळ लागतो. पाण्यापासून आणि मुक्कामाच्या जागेपासून दूर, खोल खड्ड्यात ती पुरावीत. या पर्वतांत अस्वलांचा वावर असल्याने मासा किंवा माशाचा वास लागलेले कपडे तंबूत ठेवू नयेत.

परवाना हा औपचारिकतेचा भाग नाही. जम्मू-काश्मीरमध्ये ट्राऊटचा परवाना मत्स्यव्यवसाय विभाग देतो. कोणत्या पाण्यात, कोणत्या तारखांना, कोणत्या साधनाने आणि किती मासे, हे त्यावर नमूद असते आणि ते दरवर्षी नव्याने वाचले पाहिजे. ओढ्यांवरचा हंगाम साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीतील पाण्याला वन्यजीव कायद्याचे स्वतंत्र, अधिक कडक नियम लागू होतात. ही तळी नियंत्रण रेषेपासून फार दूर नसल्याने वाटेवरील चौक्यांवर ओळखपत्र दाखवावे लागते आणि परिस्थितीनुसार वाटा बंदही होतात, म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करावी. गंगाबल हे काश्मिरी पंडितांचे तीर्थ आहे, तेथे अस्थिविसर्जन केले जाते आणि भाद्रपदात यात्रा भरते. त्या दिवसांत आणि त्या काठावर गळ टाकणे सर्वस्वी अनुचित होय.

एका तळ्यातला जिवंत मासा दुसऱ्या, मासे नसलेल्या तळ्यात नेऊन सोडण्याची कल्पना काहींना परोपकाराची वाटते. ती घातक आहे. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातील बहुसंख्य उंच तळ्यांत मुळात मासे नव्हते. विसाव्या शतकात तेथे मोठ्या प्रमाणावर ट्राऊट सोडला गेला आणि पिवळ्या पायांचा स्थानिक बेडूक तळ्यातळ्यांतून नाहीसा होत गेला, कारण त्याची पिल्ले दोन-तीन वर्षे पाण्यातच राहतात आणि माशाला आयती सापडतात. पुढे किंग्ज कॅनियन भागातील काही तळ्यांतून संशोधकांनी जाळी लावून ट्राऊट काढून टाकला, तेव्हा बेडकांची संख्या तेथे पुन्हा वाढली. ज्या तळ्यांत ट्राऊट नाही ती तशीच राहू द्यावीत, हा या अनुभवाचा स्पष्ट निष्कर्ष आहे. बूट, जाळी आणि दोर एका पाण्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवावेत, म्हणजे रोगजंतू आणि परके शेवाळ त्यांच्याबरोबर प्रवास करणार नाहीत.

माणसाच्या जिवाची काळजी माशाच्या काळजीइतकीच आवश्यक. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. 3,000 मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे होत. विश्रांतीतही धाप लागणे, खोकला, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही गंभीर लक्षणे असून ती दिसताच, रात्र असली तरी, रुग्णाला खाली नेणे हाच खरा उपाय आहे. ॲसिटाझोलामाइडसारखे औषध घ्यायचे असल्यास ते निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. छातीभर पाण्यात उतरून गरवू नये, कारण या तापमानाला हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. आणि काठी कार्बन तंतूंची असते, जी विजेची वाहक आहे. दुपारी ढग दाटले आणि दूरवर गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून उघड्या काठापासून दूर जावे, मासे तेव्हाच सर्वाधिक वर येत असले तरीही.

तयारी घरूनच सुरू करता येते. महाराष्ट्रातील नद्या आणि धरणे ट्राऊटला फार उबदार असली तरी फेक शिकण्यासाठी पाण्याची गरज नसते. मोकळ्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, दहा मीटरवर ठेवलेल्या ताटलीवर तो अलगद पडेपर्यंत सराव करावा. त्यानंतर पहलगामजवळचा लिद्दर किंवा हिमाचलातील तीर्थन यांसारख्या, रस्त्याजवळच्या पाण्यावर दोन-तीन दिवस घालवावेत, म्हणजे मासा लागणे म्हणजे काय आणि तो सोडायचा कसा हे हाताला कळते.

पहिल्या तळ्यासाठी सोनमर्गहून निघणारी आठवडाभराची, अनेक खिंडींची प्रसिद्ध वाट निवडू नये. त्या वाटेवर प्रत्येक तळ्याच्या वाट्याला जेमतेम एक संध्याकाळ येते, तीही चालून थकल्यावर, आणि तळे वाचायला सवड मिळत नाही. त्याऐवजी नारानागहून चढून, मध्ये त्रुंखोलच्या कुरणात मुक्काम करून, नुंदकोलला जावे आणि तेथे तळ ठोकून किमान दोन पूर्ण दिवस नुंदकोल व जवळचे गंगाबल या दोनच तळ्यांना द्यावेत. नारानाग सुमारे 2,100 मीटरवर आणि गंगाबल 3,500 मीटरच्या वर असल्याने चढ तीव्र आहे, म्हणून तो एका दिवसात उरकू नये. सप्टेंबरच्या अखेरीनंतर मात्र तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांत पाय घालू नये. ब्राऊन ट्राऊट शरद ऋतूत त्या ओढ्यांच्या बारीक खडीत शेपटीने खळगे करून अंडी घालतो, आणि एका बेसावध पावलाखाली पुढच्या वर्षांचे कितीतरी मासे चिरडले जाऊ शकतात.